फसवलं खरं, पण इंग्रजीत म्हणायचं काय?

गेल्या खेपेला 'चीटिंग' या शब्दावर दोनच ओळी दिल्या होत्या. त्यावर सोलापूर शहरातून, बार्शी-मंगळवेढ्याकडून आणि अक्कलकोटहून इतके प्रश्न आले, की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मराठीत 'फसवलं' म्हटलं की निम्मं काम होतं. कसं फसवलं ते टोपी, चुना, गंडा, शेंडी यांतलं काहीतरी सांगून टाकतं. इंग्रजीत मात्र क्रियापद निवडतानाच ठरवावं लागतं, की फसवणाऱ्याला खरं माहीत होतं का, आणि गेलं ते काय: पैसा, विश्वास की नुसतीच अब्रू. उत्तरं देताना हीच दोन टोकं धरली आहेत.

प्रश्न: मैत्रिणीने उसने पैसे बुडवले. स्पोकन इंग्लिशच्या तासाला 'शी चीटेड विथ मी' म्हणाले, तर वर्ग हसला. 'माझ्यासोबत चीटिंग केली' हेच तर म्हणायचं होतं. चुकलं कुठे? (बी. कॉम.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर: चूक 'विथ'मध्ये आहे, आणि ती महागात पडणारी आहे. जोडीदाराशी बेइमानी या अर्थी 'चीट' वापरतात तेव्हा ज्याला फसवलं त्याच्याआधी 'ऑन' येतं आणि ज्याच्याबरोबर लफडं केलं त्याच्याआधी 'विथ'. तुमच्या वाक्याचा सरळ अर्थ असा झाला, की तिने तिच्या माणसाला फसवून तुमच्याशी सूत जमवलं. मराठीतलं 'सोबत' तसंच्या तसं 'विथ' म्हणून उचललं की हे होतं.

साधं 'शी चीटेड मी' बरोबर. रक्कम सांगायची तर 'शी चीटेड मी आउट ऑफ फाइव्ह थाउजंड रुपीज'. पत्त्यांत लबाडी केली तर 'चीट ॲट कार्ड्स'. परीक्षेत केली तर 'चीट इन द एक्झाम'. आपण ज्याला 'कॉपी केली' म्हणतो, ते इंग्रजीत नुसतं 'ही कॉपीड' म्हटलं तर ऐकणारा विचारील, काय उतरवलं? 'फ्रॉड' हे नाम आहे. 'ही फ्रॉडेड मी' असं क्रियापद नाही. त्यासाठी 'डिफ्रॉड' आहे आणि त्यापुढे 'ऑफ' येतं. माणसालाच 'ही इज अ फ्रॉड' म्हटलेलं मात्र चालतं. 'ही मेड मी फूल'सुद्धा अर्धवट आहे, 'ही मेड अ फूल ऑफ मी' म्हणा.

पण तुमच्या मैत्रिणीने खरोखर 'चीट' केलं का? पैसे घेताना परत द्यायचा विचार होता आणि नंतर जमलं नाही, तर 'शी हॅजन्ट पेड मी बॅक' एवढंच. आईच्या ऑपरेशनची खोटी कहाणी सांगून घेतले असतील, तर 'शी ट्रिक्ड मी इंटू लेंडिंग हर द मनी'. 'इंटू' आणि 'आउट ऑफ' ही जोडी पाठच करून टाका. एखादं काम करायला लावलं तर 'इंटू', गाठीचं काढून घेतलं तर 'आउट ऑफ'. 'ट्रिक', 'कॉन', 'टॉक' या तिघांनाही दोन्ही चालतात.

जाता जाता: 'चीट' हा 'एस्चीट' या शब्दाचा शेपटाकडचा तुकडा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वारस नसलेली जमीन सरंजामदाराकडे जमा होई, ते 'एस्चीट'. ती जमा करणारे अधिकारी इतके बदनाम झाले, की शब्दालाच वास लागला. मूळ शब्द आपल्या राज्यघटनेच्या कलम २९६ मध्ये अजून आहे, बेवारस मालमत्ता सरकारजमा होण्याच्या अर्थी. तिथे त्यात लबाडीचा लवलेश नाही.

प्रश्न: आम्ही टर्किश टॉवेल बाहेरदेशी पाठवतो. करार ४५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन) होता. माल पोचल्यावर खरेदीदाराचा मेल आला: 'वी हॅव बीन मिसलेड अबाउट द जीएसएम.' मालक संतापले, म्हणाले, हा आपल्याला चोर म्हणतो. उत्तर काय लिहू? (निर्यातीचा पत्रव्यवहार पाहणारा कर्मचारी, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी)

उत्तर: मालकांना आधी शांत करा. खरेदीदाराने शब्द जपून निवडला आहे. 'मिसलीड' म्हणजे चुकीच्या समजुतीकडे नेणं. त्यात हेतू असेलच असं नाही. रस्त्यावरची वाकडी पाटीही 'मिसलीड' करते. 'डिसीव्ह'मध्ये हेतू बहुतेक वेळा गृहीत असतो, आणि 'लाय'मध्ये तर असतोच. खोटं आहे हे बोलणाऱ्याला माहीत नसेल तर तो 'लाय' नव्हे. त्याने 'यू डिसीव्ह्ड अस' लिहिलं असतं तर वकिलाला फोन करायची वेळ होती.

'मिसलीड' आणि 'डिसीव्ह' यांच्या मधे 'मिसरिप्रेझेंटेशन' बसतं. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १७ मध्ये 'फ्रॉड' आहे आणि कलम १८ मध्ये 'मिसरिप्रेझेंटेशन'. फरक मनातला आहे. खोटं आहे हे माहीत असून, किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना, फसवण्यासाठी सांगितलं तर १७. स्वतःला खरं वाटत होतं, पण तसं ठामपणे सांगायला पुरेसा आधार नव्हता, तर १८. कलम १९ प्रमाणे दोन्हींत समोरच्याला करार रद्द करवता येतो, पण 'फ्रॉड' सिद्ध झाला तर नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. तुमच्या करारावर कोणत्या देशाचा कायदा लागू आहे ते कलम आधी उघडून बघा. परदेशी असेल तर तिथली व्याख्या चालेल.

उत्तर लिहिण्याआधी टॉवेल तोला. ७५ × १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएमला त्याचं वजन साधारण ५०६ ग्रॅम भरायला हवं. ४६१ ग्रॅम भरलं तर जीएसएम ४१० आहे. गोल कटर असेल तर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापा. ती ४.५ ग्रॅम भरली तर ४५०, ४.१ भरली तर ४१०. एका टॉवेलवर भागवू नका. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून किमान पाच घ्या, आणि काठपट्टी सोडून मधला लूप असलेला भागच कापा. काठाला लूप नसतात, त्यामुळे तिथली चकती हलकी निघते आणि उगाच भांडण वाढतं.

सूत हवेतली ओल पितं. कापसाचा ठरलेला ओलावा ८.५ टक्के धरतात आणि प्रयोगशाळेत ६५ टक्के आर्द्रतेत ठेवूनच तोलतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तोच टॉवेल थोडा हलका भरतो, बंदरावर पावसाळ्यात थोडा जड. पण या कारणाने दोन-तीन टक्क्यांचा फरक समजावता येतो, ४५० वरून ४१० म्हणजे जवळजवळ नऊ टक्क्यांचा नाही. तेवढा फरक असेल तर लूमवर लूपची उंची कमी पडली आहे, नाहीतर सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणा, बदलला आहे. तसं असेल तर हवेच्या गप्पा मारू नका.

मेलमध्ये 'वी रिग्रेट द मिसरिप्रेझेंटेशन' लिहू नका. सौजन्याच्या भरात कबुलीजबाब दिल्यासारखं होईल. 'वी हॅव नोटेड द डिस्क्रिपन्सी इन जीएसएम अँड आर टेस्टिंग रिटेन्ड सॅम्पल्स' असं लिहा. 'डिस्क्रिपन्सी' म्हणजे दोन आकड्यांतली तफावत. ती कोणाच्या माथी मारायची ते तपासणीनंतर. आणि 'मिसलीड'च्या भूतकाळात स्पेलिंगमधला 'ए' गळतो. उच्चार मिस-लेड. एका दमात वाचून 'मायझल्ड' म्हणणारे इंग्लंडातही सापडतात.

प्रश्न: भिशी चालवणारा पैसे घेऊन पसार झाला. काही जण म्हणतात तक्रारीत 'चीटिंग' लिहा, काही म्हणतात 'ब्रीच ऑफ ट्रस्ट'. दोन्ही लिहिले तर जास्त जोर येईल ना? (भिशीतला एक सभासद, विडी घरकुल परिसर)

उत्तर: जोर येत नाही, उलट तक्रार लंगडी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात 'चीटिंग' कलम ३१८ मध्ये आणि 'क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट' कलम ३१६ मध्ये. 'चारसोबीस' बोलण्यात राहिला, पण जुन्या ४२० कलमाची जागा आता ३१८ च्या पोटकलम ४ ने घेतली आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

दोन्हींतला फरक वेळेचा आहे. पैसे घेतानाच बुडवायचं मनात होतं, तर 'चीटिंग'. पैसे रीतसर विश्वासाने सोपवले गेले आणि नंतर नियत फिरली, तर 'ब्रीच ऑफ ट्रस्ट'. एकाच रकमेबाबत दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे पुन्हा बजावलं आहे.

तुमच्या बाबतीत समजा वीस जण, महिना दोन हजार, म्हणजे दर महिन्याला चाळीस हजार. अकरा महिने नंबर लागलेल्यांना रक्कम बरोबर मिळाली आणि बाराव्या महिन्याचे चाळीस हजार घेऊन तो गेला. तर पहिल्यापासून फसवायचं होतं हे दाखवणं अवघड आहे. उलट तो त्याच दिवसांत तीन वस्त्यांत तीन भिश्या चालवत होता आणि सभासदांची नावंही खोटी होती, तर 'चीटिंग'ला आधार मिळतो. कोणत्या महिन्यात कोणाला किती मिळाले याचा तक्ता तक्रारीला जोडा. शब्द त्या तक्त्यावरून ठरू द्या, रागावरून नको.

वर्तमानपत्री इंग्रजीत याला 'स्विंडल' म्हणतात. तो कायद्याचा शब्द नाही. मुळात जर्मन, डोकं गरगरणाऱ्या, हवेत इमले बांधणाऱ्या माणसासाठीचा. 'एम्बेझल' म्हणजे अपहार, अफरातफर: हाताखाली असलेल्या दुसऱ्याच्या पैशाची. पतसंस्थेचा रोखपाल 'एम्बेझल' करतो, रस्त्यावरचा ठग नाही.

प्रश्न: दुकानावर इंग्रजी पाटी लावायची आहे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला बाहेरचे लोक येतात. 'बिवेअर ऑफ ड्युप्लिकेट सोलापुरी चादर' बरोबर आहे का? (चादर विक्रेता, नवी पेठ)

उत्तर: सोलापुरातल्या माणसाला कळेल, बाहेरचा गोंधळेल. मराठीत 'ड्युप्लिकेट' म्हणजे नकली. इंग्रजीत 'ड्युप्लिकेट' म्हणजे दुसरी हुबेहूब प्रत, आणि ती पूर्ण अस्सल असू शकते. कपाटाची दुसरी किल्ली 'ड्युप्लिकेट'. हरवलेल्या गुणपत्रिकेच्या बदल्यात बोर्ड स्वतः 'ड्युप्लिकेट मार्कशीट' देतं. नोकरीच्या अर्जात 'ड्युप्लिकेट' शब्द बघून घाबरणारे साहेबही असतात, म्हणून हे लक्षात ठेवलेलं बरं.

नकलीसाठी इंग्रजीत गल्लीभर शब्द आहेत. 'फेक' कुठेही चालतो. 'इमिटेशन' उघड असतं, लपवाछपवी नाही. एक ग्रॅमच्या दागिन्याला 'इमिटेशन ज्वेलरी' म्हणताना दुकानदार लाजत नाही. 'काउंटरफिट' म्हणजे अस्सल म्हणून खपवण्यासाठी केलेली नक्कल: नोट, नाणं, नामांकित कंपनीचा शिक्का असलेला माल. 'फोर्ज्ड' कागदाला आणि सहीला. 'शॅम' म्हणजे नुसता देखावा. मालमत्ता वाचवण्यासाठी मेहुण्याच्या नावावर केलेली विक्री 'शॅम ट्रान्झॅक्शन'. 'बोगस' आपण बियाण्यापासून मतदारापर्यंत सगळ्यांना लावतो. इंग्रजीतही तो आहे, पण जास्त करून दाव्याला, कागदाला, कंपनीला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत बनावट नाणी पाडण्याच्या यंत्राला हा शब्द होता असं मानतात.

'फोर्ज' म्हणजे लोहाराची भट्टी, ठोकून घडवणं. 'फॅब्रिकेट'चंही तसंच. एमआयडीसीत दर चौथ्या शेडवर 'फॅब्रिकेशन वर्क्स' लिहिलेलं असतं, तिथे गेट आणि ग्रिल बनतात. कोर्टात 'फॅब्रिकेटेड एव्हिडन्स' म्हटलं की रचलेला पुरावा. लोखंड घडवणं आणि खोटं रचणं यांना इंग्रजीने एकच शब्द दिला आहे. आपल्याकडे 'बनवणे' दोन्हीकडे चालतं, तसंच.

आता पाटी. बाहेर विणलेल्या चादरीवर कोणी सोलापुरीचं लेबल लावलं असेल तर ती 'फॉल्सली लेबल्ड'. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे तो १९९९ च्या मानांकन कायद्याचा भंग ठरतो. पण तुम्ही स्वतः नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते नसाल तर मानांकनाचं चिन्ह तुमच्याही पाटीवर नको. 'जेन्युइन सोलापुरी चादर्स. बिवेअर ऑफ इमिटेशन्स' एवढी पाटी पुरे. 'चीप फेक्स' वगैरे लिहून शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका. आणि गिऱ्हाइकाला चादर उलटून दाखवा. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली असेल तर मागच्या बाजूलाही नक्षी दिसते, रंग उलटे होऊन. छापलेली असेल तर मागे फिकट डाग.

प्रश्न: वीज तोडण्याचा मेसेज आला, दिलेल्या नंबरावर फोन केला, त्यांनी एक ॲप घ्यायला लावलं आणि खात्यातून तीन वेळा पैसे गेले. बँकेला इंग्रजीत अर्ज द्यायचा आहे. 'माय अकाउंट वॉज हॅक्ड' लिहू का? (निवृत्त शिक्षक, सात रस्ता)

उत्तर: सर, अर्जाआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, मगच लेखणी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तर आले, म्हणून पहिला तास मोलाचा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. मिळालेला पोचक्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम एका कागदावर उतरवा. ते ॲप लगेच काढून टाकू नका. इंटरनेट बंद करा आणि पडद्याचे फोटो दुसऱ्या मोबाइलवर घ्या. पासवर्डही दुसऱ्याच मोबाइलवरून बदला.

'हॅक्ड' लिहू नका. 'हॅक' म्हणजे यंत्रणेत घुसखोरी. तुमच्याकडे 'इम्पर्सनेशन' झालं, म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचं सोंग घेतलं. आणि 'इंड्यूसमेंट' झालं, म्हणजे तुम्हाला एक कृती करायला प्रवृत्त केलं. दुसरा शब्द कलम ३१८ च्या मजकुरातच आहे, म्हणून अर्जात शोभतो. बँक विचारते ते मुख्यतः एवढंच, की व्यवहार 'ऑथराइज्ड' होता की 'अनऑथराइज्ड'? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची किंवा ग्राहकाचीही नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर तोटा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत मर्यादित येतो. पण ओटीपी किंवा पिन ग्राहकानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

म्हणून घडलं तसंच लिहा. 'अ कॉलर पोझिंग ॲज ॲन इलेक्ट्रिसिटी ऑफिशियल इंड्यूस्ड मी टू इन्स्टॉल अ स्क्रीन-शेअरिंग ॲप. आय डिड नॉट ऑथराइज द थ्री डेबिट्स लिस्टेड बिलो.' ओटीपी सांगितला असेल तर दुसरं वाक्य असं लिहू नका, 'आय वॉज डिसीव्ह्ड इंटू शेअरिंग द ओटीपी' लिहा. खोटं 'अनऑथराइज्ड' नोंदींमध्ये उघडं पडतं आणि मग खऱ्या भागावरही कोणी विश्वास ठेवत नाही. 'पोझिंग ॲज'च्या जागी 'क्लेमिंग टू बी' चालेल. त्यात तो खोटा होता हे तुम्ही ठरवत नाही, तपासणाऱ्यावर सोडता.

प्रश्न: सोयाबीन उगवलं नाही. कंपनीला इंग्रजीत 'स्प्युरिअस सीड' लिहायचं की 'सबस्टँडर्ड'? (शेतकरी, बार्शी तालुका)

उत्तर: पिशवीत सांगितलेलं वाणच होतं, पण उगवण कमी, तर 'सबस्टँडर्ड'. लेबलवर एक आणि पिशवीत दुसरंच, तर 'मिसब्रँडेड'. कंपनीच्या नावाने भलत्यानेच भरलेली पिशवी असेल तर 'स्प्युरिअस', आणि मग खरी कंपनीही तुमच्यासारखीच फसलेली आहे. औषध कायद्यातही (१९४०) या पायऱ्या वेगळ्या आहेत: 'मिसब्रँडेड' कलम १७, 'अडल्टरेटेड' १७-अ, 'स्प्युरिअस' १७-ब.

सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के हवी. उरलेलं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवा, गुंडाळा, सावलीत ओल टिकवा आणि सात-आठ दिवसांनी धड कोंब आलेले मोजा. पिशवी, त्यावरचा टॅग आणि बिल फेकू नका. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पंचनाम्याआधी शेत मोडू नका. खोल पेरणी आणि पेरणीनंतर पडलेला खंड हेही उगवण मारतात. समिती ते विचारणारच.

प्रश्न: मराठी कथांचं इंग्रजी भाषांतर करते. 'ठग', 'तोतया', 'लोणकढी थाप', 'हातावर तुरी देणे', 'केसाने गळा कापणे', 'तोंडाला पाने पुसणे' यांना काय योजावं? ऊसपट्ट्यातल्या गोष्टीत 'काटामारी'ही आली आहे. (भाषांतरकार, पंढरपूर)

उत्तर: ताई, पहिलाच शब्द सापळा आहे. 'ठग'चं भाषांतर 'थग' करू नका. शब्द गेला आपल्याकडूनच, मूळ संस्कृत 'स्थग', म्हणजे लपवणारा, धूर्त. पण इंग्रजीत पोचल्यावर त्यातली लबाडी गळाली आणि दांडगाई उरली. आजचा 'थग' म्हणजे गुंड. गोड बोलून गंडवणारा हवा असेल तर 'कॉन मॅन', मूळ 'कॉन्फिडन्स मॅन'. १८४९ मध्ये न्यूयॉर्कात विल्यम थॉम्पसन नावाचा एक जण भल्या पोशाखात अनोळखी माणसाला गाठून विचारी, 'उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर?' लोक घड्याळ देत. तो पकडला गेला तेव्हा वर्तमानपत्राने हे नाव रूढ केलं. जिथे आधी विश्वास कमावला जातो तिथेच 'कॉन' शोभतो. खिसेकापूला तो शब्द देऊ नका. आणि 'भामटा' हा शब्द एका विमुक्त जातीच्या नावाशी जोडला गेलेला आहे. मूळ कथेत असेल तर भाषांतर करा, स्वतःच्या प्रस्तावनेत वापरू नका.

'तोतया' म्हणजे 'इम्पॉस्टर', शेवटी 'ओ-आर'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेल्याला काही जण 'प्रिटेंडर' म्हणतील. पण 'प्रिटेंडर' गादीवर हक्क सांगणारा असतो, तो हक्क खराही असू शकतो. तोतया खरा नसतोच.

'लोणकढी थाप' सर्वांत अवघड. लोणी नुकतंच कढवलेलं, ताजं, खमंग, थापही तशीच. 'व्हॉपर' म्हणजे मोठी थाप आणि 'टॉल स्टोरी' म्हणजे अतिशयोक्त, पण दोन्हींत तो वास नाही. वाक्यात जागा असेल तर आम्ही 'अ लाय फ्रेश ऑफ द स्टोव्ह' करू, वाचकाला थोडं थांबावं लागलं तरी चालेल. 'हातावर तुरी देणे' म्हणजे 'गिव्ह समवन द स्लिप', पहाऱ्यातून निसटणं. त्यात पैसा नाही. 'तोंडाला पाने पुसणे' म्हणजे 'फॉब ऑफ', काहीबाही देऊन वाटेला लावणं. 'केसाने गळा कापणे'ला नुसतं 'बिट्रे' कमी पडतं. 'बिट्रे'च्या मुळाशी शत्रूच्या हाती सोपवणं आहे, केसात मात्र गोडवा आहे. 'बिट्रेड हिम, स्माइलिंग' असं दोन भागांत फोडा.

'काटामारी' हवी तितकी सोपी आहे: 'शॉर्ट-वेइंग'. काटा मुद्दाम बिघडवला असेल तर 'टॅम्पर्ड वेब्रिज', नुसता चुकीचा असेल तर 'इनॅक्युरेट'. पात्र रागात असेल तर पहिला, वजनमापे निरीक्षक बोलत असेल तर पडताळणी होईपर्यंत दुसरा. 'दांडी मारणे' आलं तर आधी प्रसंग बघा. बाजारात ते तागडीचं असतं, शाळेत गैरहजेरीचं.

थोडक्यात उत्तरं

'डिसेप्टिव्ह' आणि 'डिसीटफुल' (अक्कलकोट): पहिला वस्तूला, दिसण्याला. उजनीचं पाणी काठावरून शांत दिसतं, ते 'डिसेप्टिव्ह'. पाण्याचा काही हेतू नाही. दुसरा माणसाला, हेतूसकट. 'डिसीट'च्या स्पेलिंगमध्ये 'पी' नाही. तो 'रिसीट'मध्ये आहे, तिथेही मुकाच.

'गॅसलाइटिंग' म्हणजे खोटं बोलणं का? (होटगी रस्ता): नुसतं खोटं नाही. तुझीच आठवण चुकते, तुलाच भास होतात, असं घोकून माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडवणं. शब्द १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून आला, ज्यात नवरा घरातले गॅसचे दिवे मंद झालेच नाहीत असं बायकोला पटवतो. एकदा थाप मारणाऱ्याला हा शब्द लावू नका.

'हूडविंक' (मंगळवेढा): 'हूड' म्हणजे टोपडं, 'विंक' जुन्या अर्थाने डोळे मिटणं. मुळात डोळ्यांवर टोपडं ओढणं. आपण टोपी 'घालतो' आणि डोळ्यांत धूळ फेकतो, त्यांनी दोन्ही एकाच शब्दात उरकलं.

कन्नड-तेलुगू शेजाऱ्यांचा शब्द कोणता? (पूर्व भाग): कन्नडात 'मोस', तेलुगूत 'मोसम'. पूर्व भागात कोणी 'मोसम झाला' म्हणून हळहळत असेल तर आभाळाकडे बघू नका.